गुरगुरायचं नाही

आमच्या मामाला अख्खी गल्ली कडक मामा म्हणायची. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, इस्त्रीवाला. आणि कडक होती ती फक्त त्याची खळ, बाकी त्याच्याइतका मऊ माणूस मी बघितलेला नाही. त्याच्या हातची कॉलर घातली की माणूस दिवसभर मान वर करून फिरायचा, म्हणून ते नाव पडलं. नाहीतर मामा म्हणजे, कुणी पँटला चटका बसला म्हणून भांडायला आलं की आधी स्टूल पुढे करणार, मग पाणी देणार आणि मग म्हणणार, हं, बोला आता. तोपर्यंत समोरच्याचा अर्धा राग पाण्याबरोबर पोटात गेलेला असायचा.

आता त्याचं दुकान बंद आहे, आणि गल्लीत ज्याला त्याला सगळं माहीत आहे. कुणी म्हणतं बहिणीने हाकललं. कुणी म्हणतं कुत्र्यापायी सख्ख्या भाचीला सोडून गेला. जे झालं ते झालं तेव्हा मी त्याच खोलीत होते. म्हणून लिहितेय, आणि अजून राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुकान म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखालची खोली. आम्ही वर पहिल्या मजल्यावर. मी जन्मायच्या आधी मामा "थोडे दिवस" म्हणून आमच्याकडे राहायला आला होता आणि मग राहिलाच. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, अगं मला लोकांच्या घड्या घालायलाच वेळ पुरत नाही. दुकानात एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटचे थर, वर पांढरी चादर, आणि त्या चादरीवर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग. मागे फळ्या, फळ्यांवर गाठोडी. कुठल्याच गाठोड्यावर नाव नाही. कुणाचं कुठलं ते मामाच्या डोक्यात. एका पत्र्याच्या डब्यात लोकांच्या खिशांत सापडलेल्या वस्तू. बटणं, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, एकदा तर आमच्या शाळेच्या सरांचा खोटा दात. मामाने तो स्वच्छ धुऊन, कागदात बांधून, शर्टाच्या त्याच खिशात परत ठेवला होता. सरांना आयुष्यभर कळलं नाही की तो दात मामाने बघितला.

मामा असाच होता. लोकांचं सगळं त्याला कपड्यांवरून कळायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाची गेली, कुणाच्या घरातून नवऱ्याचे शर्ट यायचे अचानक थांबले. आणि तो कुणाचं काही कुणाला सांगायचा नाही. मी फर्स्ट इयरला असताना माझ्या कुर्त्याला सिगरेटचा वास आला होता (मैत्रिणीची, माझी नाही, आणि हे मी आईला दहा वेळा सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं). मामाने तो कुर्ता गुपचूप परत धुऊन, इस्त्री करून माझ्या कपाटात ठेवला. वर फक्त एवढंच म्हणाला, "कॉलेज, जरा वारा येईल तिकडे बसत जा." तो मला कॉलेज म्हणतो. घरात प्रत्येकाचं काहीतरी मामाने झाकलेलं होतं आणि प्रत्येकाला त्याची ही सवय जाम आवडायची. हे लक्षात ठेवा.

कोळसा दुकानातच आला. थंडीत एक एवढंसं काळं पिल्लू टेबलाखाली येऊन झोपलं, कारण तिथे इस्त्रीची ऊब असायची, आणि मामाने त्याला हाकललं नाही. भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके, बाकी सगळा काळा, म्हणून कोळसा. दिवसा टेबलाखाली, रात्री आमच्या हॉलमध्ये मामाच्या गादीच्या पायथ्याशी. आई म्हणाली होती घरात कुत्रा चालणार नाही, आणि आठवड्याभरात तीच त्याच्यासाठी दूध कोमट करत होती.

लहानपणी कोळसा भयंकर गुरगुरायचा. छत्रीवर, हेल्मेटवर, काठीवर, पळणाऱ्या पोरांवर. गिऱ्हाईक दारात आलं की टेबलाखालून सुरू. एक बँकवाल्या बाई होत्या, नवराबायको दोघांचे मिळून गाठोडंभर कपडे द्यायच्या. त्या एकदा दारातूनच म्हणाल्या, मामा, तुमच्या या साहेबांची परवानगी मिळत नसेल तर मी कपडे पलीकडे टाकते. मामाला ते लागलं. त्याच दिवशी त्याने कपड्यांवर पाणी मारायची स्प्रेची बाटली उचलली, आणि कोळसा गुरगुरला की त्याच्या नाकावर फुस्स.

"गुरगुरायचं नाही."

मारलं कधीच नाही त्याने, एक चापट पण नाही. फक्त पाणी. कोळसा डोळे मिटायचा, शिंकायचा, गप्प व्हायचा. मग काही दिवसांनी नुसती बाटली उचलली की गप्प. मग मामाने बाटलीकडे बघितलं तरी गप्प. मग गुरगुरणं संपलंच. गल्लीत मामाची कोण वाहवा. बँकवाल्या बाई स्वतः कोळशाला बिस्कीट घालायला लागल्या. लोक आपापली कुत्री घेऊन मामाला विचारायला यायचे, आणि मामा इस्त्री खाली ठेवून बाटली कशी धरायची ते दाखवायचा, नाकापासून एवढी लांब, डोळ्यांत नाही जायला पाहिजे. आम्ही पण मिरवायचो. आमचा कोळसा कधी आवाजच करत नाही.

मग चिमणी झाली. चिमणी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिचा नवरा फिरतीवर, त्यामुळे चिमणी दिवसभर आमच्याकडे. ताई सकाळी सोडून जायची, संध्याकाळी घेऊन जायची, रविवारी दोघी जेवायलाच. चिमणी कोळशाच्या पाठीला धरून उभं राहायला शिकली. ताईच्या फोनवर तोच फोटो होता, कोळशाच्या पाठीवर चिमणीचे दोन हात, आणि मागे मामा टाळ्या वाजवतोय.

ताई लहान असताना मामाच तिला शाळेत सोडायचा. तिची पहिली नोकरी लागली तेव्हा तिच्या सगळ्या ड्रेसना त्याने इतकी खळ लावली होती की ती म्हणाली, मामा, मला बसता येत नाहीये. हे एवढ्यासाठी सांगतेय की तुम्हाला कळावं, ताई मामावर आईबाबांपेक्षा जास्त विश्वास टाकायची. चिमणीला ती आमच्या घरी सोडत नव्हती, मामाकडे सोडत होती.

परीक्षेच्या आधी कधीतरी मामा मनगटाला फडकं बांधून वर आला. म्हणाला, भाजलं, इस्त्री लागली. इस्त्रीवाल्याला इस्त्री लागते, यात काय विशेष. आईने भरपूर बोलून घेतलं, भाजल्यावरची मलमाची ट्यूब आणली आणि पुढे कितीतरी दिवस रोज रात्री स्वतः लावून दिली. मी म्हटलं, इतके दिवस कडक मामा होता, आता कुरकुरीत झाला. तो पण हसला. म्हणजे बघा, हसला तो.

तो रविवार. जेवणं झालेली. बाबा पेपर घेऊन पेंगत होते, आई शेंगा सोलत होती, ताई लोळत फोन बघत होती, मी जमिनीवर लॅपटॉप घेऊन असाइनमेंट बडवत होते आणि मामा खिडकीत उभा राहून सुईत दोरा ओवत होता. सगळे एका खोलीत. चिमणी इस्त्री-इस्त्री खेळत होती. साबणाची रिकामी डबी म्हणजे इस्त्री. उशी झाली, बाबांचा पाय झाला, मग कोळसा. डबी त्याच्या पाठीवरून फिरवायची, दाबायची, परत फिरवायची. कोळसा उठला आणि सोफ्याच्या पलीकडे जाऊन बसला. ती मागे गेली. तो परत उठला आणि चपलांच्या रॅककडे कोपऱ्यात गेला. हे मला आत्ता आठवतं, तेव्हा ते फक्त कुत्रा इकडून तिकडे जाणं होतं. ती गेली, दोन्ही हातांनी डबी धरली आणि अंगाचा भार टाकून त्याच्या कमरेवर दाबली.

आवाज आला तो एकदम चिमणीचाच.

गाल. डोळ्याच्या खाली. मामा सगळ्यात आधी पोचला, तिला उचललं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर ते सगळं. कोळसा कोपऱ्यात भिंतीला चिकटून थरथरत होता आणि मामाच्या हाताकडे बघत होता, रिकाम्या हाताकडे, जणू त्यात बाटली आहे.

हॉस्पिटलमध्ये जखम धुतली, टाके घातले, इंजेक्शनं दिली. कोळशाला सगळ्या लशी वेळेवर दिलेल्या होत्या, तरी काही दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा म्हणाले. डोळा वाचला, हे डॉक्टर दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा ताईने फक्त मान हलवली. ती एकच वाक्य परत परत बोलत होती. आवाज पण नाही केला त्याने. मी तिथेच होते आणि आवाज पण नाही केला.

मामा बाहेर बाकावर बसला होता. ज्या माणसाच्या शर्टावर आयुष्यात कधी चुणी दिसली नाही त्याचा शर्ट चुरगळलेला, समोर सगळं वाळलेलं. मी शेजारी बसले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दगा दिला गं त्याने. माझ्या ताटातलं खाल्लं इतकी वर्षं, आणि साधं सांगितलं पण नाही."

मला इतकं वाईट वाटलं त्याच्यासाठी. मी त्याचा हात धरला. कुठला हात, तर तोच, मनगटावर डाग असलेला.

दुसऱ्या दिवशी मी लेक्चर बुडवून त्याच्याबरोबर प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. चावू नये म्हणून कोळशाच्या तोंडाला बँडेजची पट्टी बांधलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई नव्हती त्यांना. त्याला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत कमरेपर्यंत आणला आणि जरासं दाबलं. कोळसा ताठ झाला, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं, बस. घशातून काहीच नाही.

त्या म्हणाल्या, कंबर धरली आहे याची, सांधे झिजलेत, खूप दुखत असणार. आत्ता याने ओरडायला पाहिजे होतं, निदान गुरगुरायला तरी. गुरगुरत नाही का?

आणि मामा, म्हणजे एवढं सगळं झाल्यावर पण, किंचित ताठ होऊन म्हणाला, नाही. शिकवलंय मी त्याला.

"कसं शिकवलंत?"

मामाने हवेत बाटली धरून दाखवली. फुस्स.

बाईंनी कोळशाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हातातलं खाली ठेवून, अजिबात न रागावता त्यांनी सांगितलं. "काका, गुरगुरणं म्हणजे चावणं नाही. ते चावायच्या आधीचं सांगणं असतं. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत, चावणं नाही." पुढे बरंच बोलल्या. दुखण्यावर औषध देते. पण लहान मुलं आणि हा एका खोलीत नको, कधीच नको. पुन्हा कधी गुरगुरला तर थांबवू नका, आपण मागे सरका. दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर सगळं खरं सांगून द्या. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर शेवटचं इंजेक्शन असतं, तो निर्णय तुमचा. मग लिहिता लिहिता विचारलं, आधी कुणाला चावलाय?

मामा म्हणाला, नाही.

बाईंनी पेन थांबवलं. कोळशाला धरायला मामाने बाह्या वर केल्या होत्या. त्या त्याच्या मनगटाकडे बघत होत्या.

"हे दात आहेत, काका."

मामाने बाही खाली ओढली. बटण लावायला लागला आणि ते लागेना.

मला एका सेकंदात सगळं दिसलं. आई रोज रात्री चष्मा लावून ती ट्यूब पिळतेय. मी कुरकुरीत मामा म्हणतेय. तो हसतोय. मी बाहेर येऊन त्याला विचारलं, आणि आवाज कमी नव्हता माझा, रिक्षावाले बघत होते. तो म्हणाला, आंघोळीला उचलत होतो, कमरेला हात लागला असेल, माझीच चूक, त्याची नाही. एकदाच झालं गं. सांगितलं असतं तर तुम्ही त्याला काढून टाकलं असतं.

मी म्हटलं, आणि चिमणी?

तो म्हणाला, तिच्याशी तो कधी तसा वागला नव्हता.

तो कोळशाला रिक्षात चढवत होता तेवढ्यात मी ताईला लिहून पाठवलं. सगळं. बाटली, कंबर, मनगट, मलम, सगळं एका दमात, एक पण फुलस्टॉप न देता. पाठवून झाल्यावर मामाला सांगितलं की पाठवलं. तो म्हणाला, "घरी जाऊन मीच सांगणार होतो, कॉलेज." मी म्हटलं, तू कधीच कुणाला काही सांगत नाहीस. रिक्षा सुटली. कोळसा मध्ये उभा होता आणि त्याचं डोकं नेहमीसारखं माझ्या मांडीवर होतं आणि मी ते ढकललं नाही, याचा पण मला राग येत होता.

संध्याकाळी ताई आली. चिमणीला सासूकडे ठेवून आली होती. कोळसा खाली दुकानात, शटर ओढलेलं. वर आम्ही पाच जण. बाबांनी सुरुवात केली, एका ओळखीच्याचं गावाबाहेर गोदाम आहे, राखणीला कुत्रा हवाच असतो, उद्या नेऊन सोडू, विषय संपला. आई म्हणाली, खालीच बांधून ठेवू, वर आणायचाच नाही, मी बघते. ताई म्हणाली इंजेक्शन. लॅबमध्ये पेशंटशी बोलते त्या आवाजात म्हणाली, हळू, प्रत्येक शब्द सुटा.

मामा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याने आधी बाही वर केली आणि आईला मनगट दाखवलं. सगळं स्वतः सांगितलं, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. ती जखम झाल्यावर पण त्याने कोळशाला दोनदा दात दाखवताना बघितलं होतं, एकदा दूधवाल्याला आणि एकदा बाबांना, आणि दोन्ही वेळा त्याने लांबून बाटली दाखवली होती. बाबांनी पेपर खाली ठेवला.

मग मामा म्हणाला, "गोदामात नाही देणार, दाजी. तिथल्या वॉचमनला पण पोरं आहेत. काय सांगून देऊ? कुत्रा गुणी आहे, फक्त चावायच्या आधी कळत नाही?"

पुढे तो म्हणाला, "त्याला मुका मी केलाय."

"हो ना," ताई म्हणाली. "त्याच्या नाकावर तू पाणी मारत होतास. तुझ्या नाकावर कुणी मारत होतं, मामा?"

मी मामाचा चेहरा बघितला आणि मग मला तिकडे बघवेना. तो म्हणाला, घाबरलो होतो. ताईने विचारलं कुणाला. तुम्हालाच, तो म्हणाला, तुम्ही त्याला काढाल म्हणून.

"म्हणजे त्याच्यासाठी घाबरलास," ताई म्हणाली. "माझी पोरगी रोज त्याच्या शेजारी जमिनीवर बसत होती, तू समोर उभा राहून बघत होतास, आणि तू घाबरलास त्याच्यासाठी."

आई रडत होती, पण आवाज न करता. आमच्या घरात सगळे असेच का आहेत, असं मला तेव्हा वाटलं.

मामा उठला. ताईला म्हणाला, मी जातो त्याला घेऊन. बाजाराच्या मागे लॉजच्या चादरी धुतात तिथे इस्त्रीला माणूस हवाय, मागे खोली आहे, तिकडे पोरं येत नाहीत. चिमणी इथे आली पाहिजे, तुझी नोकरी अडली नाही पाहिजे, आणि तो असेपर्यंत तू तिला आणणार नाहीस, आणू पण नकोस.

बाबा म्हणाले, अहो मामा, गिऱ्हाइकं जोडायला आयुष्य गेलं तुमचं. ताई म्हणाली, "जाऊ दे त्याला. पण हे माझ्यासाठी करतोयस असं मला सांगू नकोस. तू त्याला निवडलंस, मामा, सरळ बोल."

तो मग म्हणाला, त्याला मारून इथे राहिलो तर चिमणीकडे बघताना मला आधी तोच दिसेल. तसं बघितलेलं पोराला कळतं. ताईने पर्स उचलली आणि ती गेली. चपला पण दारात नाही, जिन्यात जाऊन घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांची गाठोडी घरोघर नेऊन दिली. प्रत्येक दारात विचारलं असणारच लोकांनी, आणि या वेळी त्याने खरं सांगितलं. म्हणून तर गल्लीला सगळं माहीत. पत्र्याचा डबा आईकडे ठेवला, कुणी काही मागायला आलं तर. कपडे एका बॅगेत मावले, इतकी वर्षं राहून एकाच बॅगेत. तो निघताना आई स्वयंपाकघरातून आली, बॅगेची चेन उघडली आणि आत भाजल्यावरच्या मलमाची ट्यूब ठेवली. "असू दे. भाजलं तर लागेल." मामाने तिच्या पायांना हात लावला आणि ती मागे सरली नाही, पण तिने त्याच्या डोक्यावर हात पण ठेवला नाही. लहानपणी त्याला आंघोळ घालणारी, ती आई.

चिमणी यायला लागली परत. गालावर एक वाकडी रेघ आहे, हसली की आत जाते. ती विचारते, कोळसा कुठे, मामाआजोबा कुठे. आई सांगते, कामाला गेले. साबणाची डबी आईने फेकून दिली, आता ती मोबाइलच्या रिकाम्या खोक्याने इस्त्री करते. कुणाच्या पाठीवर करायला लागली की खोलीतले सगळे एकदम बघतात.

ताईने मामाचा नंबर काढून टाकला. मला माहीत आहे की तिला तो पाठ आहे.

मी परवा गेले होते. आईनेच डबा दिला, म्हणाली, तुझ्या कॉलेजच्या वाटेवर आहे ना. वाटेवर अजिबात नाहीये, दोघींना माहीत आहे. बाजाराच्या मागे पत्र्याची शेड, आत वाफ, चादरीच चादरी, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. मामा एकटा टेबलाशी. मी म्हटलं, मजा आहे, कॉलर नाही, बाही नाही, सरळसोट काम. तो म्हणाला, हो, पण कुणाची काही खबरच लागत नाही गं. यांना खिसे पण नसतात.

मला हसू आलं आणि आल्याचा राग आला.

कोळसा मागच्या खोलीत होता. दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी फळी लावलेली, मामानेच ठोकलेली, आणि बाहेर एक पाटी, कुत्र्याला हात लावू नका. मी डबा ठेवला आणि सवयीने फळीवरून वाकले. तो पडून होता. शेपटी हलवली. मी हात लांब केला, पाठीवर ठेवणार होते, मागच्या बाजूला.

आणि तो गुरगुरला.

धड गुरगुरणं पण नव्हतं ते, जुना मिक्सर कुरकुरत सुरू होतो तसं काहीतरी, मध्येच अडकलं, परत आलं. मी जागच्या जागी थांबले. मागे धप्प आवाज झाला, मामाने हातातली इस्त्री चादरीवर तशीच पालथी टाकली होती. पळत आला. "मागे सर. मागे सर, कॉलेज, हळू." मी सरले. कोळशाने डोकं खाली टेकलं.

मामाचे डोळे भरून आले होते. माझ्या दंडाला धरून, हळू आवाजात, एखाद्याचं तान्हं पहिल्यांदा आई म्हणाल्यासारखं तो म्हणाला, "ऐकलंस? परत बोलायला लागलाय. आधी फक्त मलाच, आज तुला पण सांगितलं त्याने."

त्याला वाटलं मी खूश होईन. मला लागलं ते हे, की माझा कोळसा, ज्याने माझ्या मांडीवर झोपून माझ्या बारावीचा अभ्यास केला, तो माझ्यावर गुरगुरला, आणि त्याहून जास्त हे की मामा त्याच्यावर आनंदलाय.

"मला सांगितलं," मी म्हटलं. "चिमणीला नाही सांगितलं."

त्याने माझा दंड सोडला. जळल्याचा वास येत होता. तो टेबलाकडे गेला आणि इस्त्री उचलली. चादरीवर मधोमध तपकिरी ठसा. आयुष्यात दुसऱ्याच्या कपड्यावर इस्त्री टाकून तो कधी हलला नव्हता. त्याने ती चादर काढली, ठसा आत येईल अशी घडी घातली, मग थांबला. परत उघडली, ठसा वर येईल अशी घातली आणि बाजूला ठेवली, मालकाला दिसेल अशी.

मी रिकामा डबा पण घेतला नाही, तशीच निघाले.

रस्त्यात ताईचा मेसेज आला. एवढे दिवस तिने त्याचा विषय काढला नव्हता. लिहिलं होतं, आई म्हणाली तू गेलीस, कसा आहे. मामा की कोळसा, ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, बरा आहे एवढंच लिहावं. बोटं तिथेच होती. मग मी सगळं लिहिलं. कोळसा माझ्यावर गुरगुरला. मामा खूश झाला. मी त्याला काय बोलले ते पण, आणि चादर जळली ते पण.

दोन निळ्या टिक आल्या. ती टाइप करतेय असं वर बराच वेळ दिसत होतं. मग ते गेलं.